बांबूचे फिरते कुंपण
वनजिल्ह्यांतील लहान शेतकऱ्यासाठी एक उपयुक्त साधन

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे दोन वनसंपन्न जिल्हे होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीच्या भौगोलिक क्षेत्रापैकी सुमारे दोन-तृतीयांश आणि चंद्रपूरच्या क्षेत्रापैकी सुमारे एक-तृतीयांश भाग वनाच्छादित आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि त्यांच्या सावलीत पसरलेली बांबूची बेटे हे या वनांचे वैशिष्ट्य. वनांच्या कुशीत, नदी-नाल्यांच्या काठी आणि माजी मालगुजारी तलावांच्या खाली धानाच्या बांद्या पसरलेल्या आहेत. येथे शेत आणि जंगल यांच्यामध्ये बहुधा एका धुऱ्याचेच अंतर असते.

असे असल्याने कुंपण हा येथील शेतीतील नित्याचा प्रश्न आहे. शेतकरी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून आणतो, जंगलातील लहान बल्ल्या रोवतो आणि त्यांवर काट्या रचतो. पुढच्या वर्षापर्यंत या बल्ल्या बुडाशी कुजतात, काट्यांना वाळवी लागते, उरलेले चुलीत जाते. आणि पुन्हा नवी तोड सुरू होते. एका शेतकऱ्याची ही तोड क्षुल्लक वाटते; परंतु संपूर्ण गावाची आणि अनेक वर्षांची तोड एकत्र केली म्हणजे गावालगतचे वन विरळ का होत जाते, याचे एक कारण ध्यानात येते. दुसरीकडे, तारेच्या कायम कुंपणाचा खर्च एक-दोन एकरांच्या धारकाला परवडत नाही.

या दोहोंमधला मार्ग म्हणजे बांबूचे फिरते कुंपण. सुट्या, हलक्या, एकसारख्या ताट्या तयार करून त्या गरजेच्या जागी उभ्या करावयाच्या, काम संपताच उचलून दुसरीकडे न्यावयाच्या आणि अखेरीस छपराखाली रचून ठेवावयाच्या, अशी ही साधी कल्पना आहे. साधन एकच, पण ते वर्षातून तीन-चार ठिकाणी उपयोगी पडते.

कल्पना जुनीच

सुट्या कुंपणाची कल्पना नवी नाही. महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळ रात्री मेंढ्या बसविण्यासाठी वाघूर म्हणजे जाळे बरोबर बाळगतात. खुंटांवर वाघूर ताणले की वाडा तयार होतो. सकाळी ते गुंडाळले की कळप पुढे निघतो आणि मागे शेताला लेंडीखत मिळते. इंग्लंडमध्ये मेंढ्यांना शेतात खतासाठी बसविताना हेझल झाडाच्या कोवळ्या फांद्या विणून केलेल्या सुट्या ताट्या शतकानुशतके वापरात होत्या. अमेरिकेतील वसाहतकऱ्यांनी फाडलेल्या ओंडक्यांचे नागमोडी कुंपण रूढ केले. त्याला ना खड्डा लागत असे, ना खांब. वळणामुळेच ते उभे राही. मात्र लाकूड व जागा दोन्ही त्यास अधिक लागत.

चंद्रपूर-गडचिरोलीतही बांबूच्या ताट्या घराच्या कुडासाठी, गोठ्याच्या आडोशासाठी आणि वाडीच्या झाप्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. बुरुड कारागिरांचे कौशल्य गावोगावी आहे. त्यास मोजमापाची आणि नियोजनाची जोड देणे, एवढेच नवे काम आहे.

कुंपण कशासाठी व कोठे

कोणतेही साधन वापरण्यापूर्वी त्याची मर्यादा ओळखणे आवश्यक असते. फिरते कुंपण हे गाई-म्हशी, वासरे, शेळ्या-मेंढ्या या पाळीव जनावरांपासून लहान क्षेत्राचे रक्षण करण्यासाठी आहे. रानडुक्कर त्याखालून मुसंडी मारतो, रोही त्यावरून उडी घेतो, आणि २०२१ पासून छत्तीसगडमधून गडचिरोलीत येऊ लागलेल्या रानटी हत्तींपुढे तर त्याचा काहीच टिकाव लागणार नाही. वन्यप्राण्यांसाठी जागल, सामूहिक सौर कुंपण आणि नुकसान होताच वन विभागाकडे भरपाईचा अर्ज, हे मार्ग वेगळे आहेत.

या संदर्भात एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. काही ठिकाणी शेताभोवती उघडी तार ओढून तीत विजेच्या वाहिनीवरून थेट प्रवाह सोडला जातो. अशा तारांना लागून या भागात वाघ मेले आहेत, तशीच माणसेही मेली आहेत. कित्येकदा मरणारा हा शेजारच्याच शेताचा मालक किंवा पहाटे मोह वेचावयास निघालेला मनुष्य असतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक व मर्यादित असतो, तो प्राण्याला परतवतो. थेट जोडलेली तार प्राण घेते. हा गंभीर गुन्हा आहे, याची जाणीव ग्रामपंचायतीने प्रत्येक हंगामाच्या आरंभी ग्रामसभेत करून देणे अगत्याचे आहे.

फिरत्या कुंपणाचा पहिला व सर्वांत मोलाचा उपयोग धानाच्या पऱ्ह्यांसाठी आहे. एक एकर रोवणीसाठी सुमारे चार गुंठ्यांत पऱ्हे टाकावे लागतात. जूनमध्ये पाऊस पडताच पेरलेले हे पऱ्हे तीन ते चार आठवड्यांत रोवणीस येतात. याच दिवसांत उन्हाळाभर मोकळी फिरलेली गुरे हिरव्या चाऱ्यासाठी आसुसलेली असतात. एका रात्री चार गुंठ्यांत गुरे शिरली तर चार गुंठ्यांचेच नव्हे, तर संपूर्ण एकराचे पीक जाते. पुन्हा बियाणे आणून, पुन्हा पऱ्हे टाकून रोवणीची वेळ साधणे बहुतेकांना अशक्य असते. म्हणून थोडक्या जागेचे हे महिनाभराचे रक्षण वर्षभराच्या अन्नाशी निगडित आहे.

पऱ्हे उपटले की ताट्या मोकळ्या होतात. पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत त्या शेळ्यांच्या करडांसाठी वा वासरांसाठी छपराखालच्या कोंडाळ्यास उपयोगी पडतात. दिवाळीनंतर धान कापून खळ्यावर आले की त्याच ताट्या खळ्याभोवती व तणसाच्या ढिगाभोवती लावता येतात. पौषापासून फाल्गुनापर्यंत विहिरीजवळच्या वांगी, मिरची, टोमॅटो, सांभार यांच्या वाफ्यांना त्यांचे संरक्षण मिळते. चैत्रात त्या धुऱ्यावरील नव्या रोपांभोवती उभ्या करता येतात. अशा रीतीने एकाच कुंपणातून चार कुंपणांचे काम होते.

धान निघाल्यावर बांद्यांत उभी राहणारी लाखोळी, जवस, हरभरा यांचे क्षेत्र मात्र मोठे असते. त्यास फिरते कुंपण पुरणार नाही. तेथे गावानेच निर्णय घेऊन गुरे कोणत्या तिथीपर्यंत राखणीत ठेवावयाची हे ठरविणे हाच उपाय होय. सुगी संपताच गुरे मोकाट सोडण्याची प्रथा जेथे आहे, तेथे दुबार पीक घेणारा शेतकरी एकटा पडतो. गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा १८७१ चा कायदा आणि त्याखालील कोंडवाडा ही व्यवस्था उपलब्ध आहे. परंतु कोंडवाड्याने शेजाऱ्यांत वैर वाढते, तर ग्रामसभेच्या एकमताने ते टळते.

बांबूची निवड व तोड

या वनांत मुख्यतः मानवेल ही जात आढळते. तिची कांडी जाड भिंतीची, पुष्कळदा भरीव असते. म्हणून ती कुंपणास उत्तम. ओलसर नाल्यांच्या काठी आढळणारा काटस हा जाड व पोकळ असून त्याच्या काटेरी फांद्या अडसरासाठी उपयोगी पडतात.

ताटीसाठी तीन वर्षांहून अधिक वयाचा पक्व बांबू घ्यावा. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी व पेरांवर आवरणे असतात. पक्व बांबूवरील आवरणे गळून रंग निस्तेज पिवळसर-करडा झालेला असतो, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यास टणक आवाज येतो. कोवळा बांबू आकसतो, चिरतो आणि त्यास घुणा लवकर लागतो.

तोड पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात करावी. पावसाळ्यात बेटांतून वास्ते म्हणजे नवे कोंब फुटत असतात. त्या काळात बेटात शिरल्यास पुढील वर्षांचा बांबूच तुडविला जातो. तोडताना जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या किंचित वर सरळ छेद घ्यावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. चालू व मागील वर्षाचे बांबू राखावेत, आणि एकाच बाजूने बेट बोडके न करता जुने बांबू सर्व बाजूंनी वेचून काढावेत. एक-दोन वर्षांचे बांबूच नव्या कोंबांना आधार देतात.

बांबूतील पिष्टमय अंशामुळे त्यास घुणा लागतो. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवल्यास हा अंश बराचसा निघून जातो. त्यानंतर तो सावलीत उभा ठेवून वाळवावा. कडक उन्हात वाळविल्यास चिरा पडतात. पिण्याच्या पाण्याच्या किंवा मासेमारीच्या तलावात बांबू भिजवू नये, कारण त्याने पाणी नासते. बोरिक आम्ल व टाकणखार यांचे द्रावण घुण्यावर गुणकारी आहे; परंतु पावसात ते धुऊन जाते, म्हणून उघड्यावरील ताटीसाठी केवळ त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उघड्यावर, मातीच्या सतत संपर्कात असलेला संस्कार न केलेला बांबू साधारणतः एक ते तीन वर्षेच टिकतो. तोच छपराखाली, मातीपासून दूर असेल तर त्याहून कितीतरी अधिक टिकतो. फिरत्या कुंपणाचे सर्व गणित या एका वस्तुस्थितीवर उभे आहे. ताटी मातीत पुरावयाची नाही. मातीत जाईल तो केवळ खुंट. खुंट कुजला तर खुंट बदलावा, ताटी शाबूत राहते.

ताटीची रचना

एक ताटी २ मीटर लांब व सुमारे सव्वा मीटर उंच असावी. यापेक्षा मोठी ताटी दोन माणसांना उचलण्यास आणि बंडीत रचण्यास गैरसोयीची होते. लहान केल्यास सांधे वाढतात. प्रत्येक ताटीस सहा मीटरहून किंचित अधिक उपयुक्त लांबीचे दोन बांबू पुरतात. त्यांची विभागणी अशी करावी.

पहिल्या बांबूचे प्रत्येकी २ मीटरचे तीन तुकडे करावेत व प्रत्येक तुकडा उभा फाडून दोन अर्धके करावीत. अशी सहा अर्धके म्हणजे ताटीच्या सहा आडव्या पट्ट्या झाल्या. दुसऱ्या बांबूतून प्रत्येकी १.३० मीटरचे तीन उभे दांडे काढावेत. दोन टोकांना व एक मध्यभागी. उरलेला २.१० मीटरचा तुकडा फाडून दोन अर्धके करावीत. त्यांपैकी एक तिरप्या पट्टीसाठी व दुसरे टेकूसाठी राखून ठेवावे. याप्रमाणे दोन बांबूंत काहीही वाया जात नाही.

जोडणी सपाट जमिनीवर करावी. प्रथम तिन्ही दांडे समांतर मांडावेत. दांड्याचे वरचे टोक गाठीच्या लगेच वर कापलेले असावे, म्हणजे पोकळीत पाणी साचून कुज लागत नाही. त्यावर आडव्या पट्ट्या ठेवाव्यात. दांड्याच्या तळापासून त्यांची अंतरे अनुक्रमे १२, २६, ४०, ५८, ८२ व ११५ सेंटिमीटर असावीत. खालच्या पट्ट्या जवळ जवळ असल्याने करडू किंवा शेळी आत घुसू शकत नाही. वरच्या पट्ट्या मोठ्या जनावरांसाठी असल्याने विरळ चालतात. सर्वांत खालची पट्टी जमिनीपासून वर राहते, त्यामुळे ती चिखलात कुजत नाही.

पट्टीची साल बाहेरच्या बाजूस ठेवावी. साल पाणी शोषत नाही. गर लवकर शोषतो. तसेच सर्व पट्ट्या दांड्यांच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे ज्या बाजूने जनावर येणार त्या बाजूस बांधाव्यात. जनावराने रेटले तर पट्टी दांड्यावर अधिकच दाबली जाते. आतल्या अंगास बांधल्यास सर्व रेटा केवळ बांधणीवर येऊन ती सुटते.

यानंतर तिरपी पट्टी. पहिल्या आडव्या पट्टीच्या एका टोकापासून पाचव्या पट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ती जाते आणि मधल्या दांड्याशीही बांधली जाते. ही पट्टी अनावश्यक समजून गाळण्याकडे कल असतो, पण ताटीचे बळ तिच्यातच आहे. चार काठ्यांचा चौकोन कोपऱ्यांत कितीही घट्ट बांधला तरी रेट्याने तिरका होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण काठी मोडल्याशिवाय आपला आकार सोडत नाही. तिरप्या पट्टीमुळे चौकोनाचे त्रिकोण होतात आणि उचलताना, वाहताना ताटी खिळखिळी होत नाही.

बांधणीसाठी जस्ती तार टिकाऊ. परंतु अंबाडीचा किंवा पळसाच्या मुळांच्या वाकाचा दोर गावातच मिळतो व तो दरवर्षी बदलता येतो. ओल्या कोवळ्या कामटीचे बंदही चालतात. बांधणी नेहमी गाठीजवळ करावी, म्हणजे ती सरकत नाही. खिळा थेट ठोकल्यास बांबू चिरतो. खिळा वापरावयाचाच असल्यास आधी भोक पाडून घ्यावे.

उभारणी

कुंपणाच्या रेषेवर दर दोन मीटरला सब्बलीने भोक पाडून १.३५ मीटर लांबीचा खुंट सुमारे ४५ सेंटिमीटर खोल ठोकावा. सहा मीटरच्या एका बांबूत असे चार खुंट होतात. सागाच्या किंवा बिजाच्या पक्क्या लाकडाचे जुने तुकडे घरी असल्यास ते अधिक टिकाऊ. खुंटाचे जमिनीत जाणारे टोक व त्यावरील वीतभर भाग यांना तापविलेल्या डांबराचा लेप द्यावा, कारण कुज नेमकी जमिनीच्या पृष्ठालगत सुरू होते.

खुंट ताटीच्या आतल्या अंगास असावा. लगतच्या दोन ताट्यांची टोके एकाच खुंटाला वर व खाली अशा दोन दोरांच्या फासांनी अडकवावीत. फास असा असावा की एका ओढीने सुटेल, परंतु जनावराच्या अंग घासण्याने सुटणार नाही. राखून ठेवलेली दोन-दोन अर्धके एकत्र बांधून केलेला टेकू एकाआड एक सांध्याला आतून तिरपा लावावा. कोपरे सर्वांत दुर्बल असतात; तेथे दोन्ही दिशांना टेकू द्यावेत. एक ताटी केवळ एका बाजूस बांधून दुसऱ्या बाजूस फास ठेवला की तिचाच झापा होतो.

मुरमाड किंवा खडकाळ जागी खुंट जात नाहीत. तेथे ताट्या नागमोडी मांडाव्यात. लगतच्या दोन ताट्यांमध्ये १२० अंशांचा कोन ठेवून टोके एकमेकांस बांधली की खुंटाविना कुंपण उभे राहते. या मांडणीत २ मीटरची ताटी सरळ रेषेत सुमारे १.७३ मीटरच अंतर व्यापते. म्हणून ८० मीटरसाठी ४० ऐवजी ४७ ताट्या लागतात.

परिमितीचा हिशोब

चार गुंठे म्हणजे सुमारे ४०० चौरस मीटर. हे क्षेत्र २० मीटर बाजूच्या चौरसात घेतल्यास परिमिती ८० मीटर होते. म्हणजे ४० ताट्या, त्यांचे ८० बांबू व खुंटांचे १० मिळून ९० बांबू. तेच क्षेत्र ४० मीटर लांब व १० मीटर रुंद घेतल्यास परिमिती १०० मीटर होऊन ५० ताट्या लागतात. क्षेत्र तेच, पण कुंपण चतुर्थांशाने वाढते. म्हणून पऱ्ह्यांची जागा शक्य तितकी चौरस निवडणे हीच पहिली काटकसर होय.

याहूनही मोठी काटकसर सहकारात आहे. चार शेतकऱ्यांनी चार ठिकाणी पऱ्हे टाकले तर प्रत्येकी ९० याप्रमाणे ३६० बांबू लागतील. त्याच चौघांनी पाण्याच्या सोयीच्या एकाच जागी १६ गुंठ्यांत, ४० मीटर बाजूच्या चौरसात, आपापले वाफे टाकले तर परिमिती १६० मीटर होते; ८० ताट्या व १८० बांबू पुरतात. बांबू निम्मा, मजुरी निम्मी, आणि राखणदारही एकच. ज्या गावात लहान धारक अधिक आहेत, तेथे सामूहिक पऱ्हेवाडीची ही पद्धत विशेष फलदायी ठरावी. वाफ्यांमध्ये दीड फूट रस्ता सोडावा आणि प्रत्येकाच्या वाणाची खूण लावावी, म्हणजे रोवणीच्या वेळी वाद होत नाहीत.

बांबू आणावयाचा कोठून

या भागातील ग्रामस्थांचे वनाशी असलेले नाते कायद्यानेही फार पूर्वीपासून मान्य केलेले आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली, तेव्हा हे प्रदेश मध्यप्रदेशात होते. गावकऱ्यांच्या निस्ताराच्या, म्हणजे घरगुती व शेतीच्या गरजेपुरत्या वनोपजाच्या सवलती निस्तारपत्रकांत नोंदविल्या गेल्या. पुढे राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

वनहक्क कायदा, २००६ याने निस्तारासारख्या सामूहिक हक्कांना स्पष्ट मान्यता दिली आणि बांबूचा गौण वनोपजात समावेश केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावास २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला व त्या ग्रामसभेनेही बांबूचे व्यवस्थापन स्वतः हाती घेतले. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या धुऱ्यावर लावलेला बांबू तोडण्यातील अडचण दूर झाली.

याचा व्यावहारिक अर्थ असा. ज्या ग्रामसभेस सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिने आपल्या व्यवस्थापन आराखड्यात शेतकऱ्यांच्या कुंपणासाठी दरवर्षी किती बांबू राखून ठेवावयाचा याची तरतूद करावी. जेथे असा हक्क नाही, तेथे वन विभागाकडून नियमानुसारच बांबू घ्यावा. आणि प्रत्येक शेतकऱ्याने धुऱ्यावर व परसात बांबूची चार-पाच बेटे लावली तर काही वर्षांनी त्याच्या कुंपणाचा बांबू त्याच्याच घरी निघेल.

बुरुड कारागिरांचाही येथे विचार व्हावा. शेतकऱ्याने सर्व ताट्या स्वतः करण्यापेक्षा फाडणीचे व विणकामाचे काम कारागिराकडे सोपविल्यास ताटी सुबक व टिकाऊ होते, आणि सूप-टोपल्यांची मागणी प्लास्टिकमुळे घटलेली असताना गावातील एका कुटुंबास हिवाळाभर काम मिळते.

फिरते कुंपण आणि जिवंत कुंपण

फिरते कुंपण हे अखेरचे साध्य मानू नये. धुऱ्यावरील कायम संरक्षणासाठी सागरगोटा, करवंद, घायपात, शेर यांचे जिवंत कुंपण अधिक स्वस्त व चिरस्थायी असते. परंतु पहिली दोन वर्षे त्या रोपांनाच संरक्षण लागते आणि तेथेच बहुतेक प्रयत्न फसतात. लावलेली करवंदे पहिल्या उन्हाळ्यातच शेळ्या खुडून टाकतात. रिकाम्या झालेल्या ताट्या अशा वेळी धुऱ्याच्या एका बाजूस लावून ठेवाव्यात. दोन वर्षांनी ती बाजू स्वतःच्या बळावर उभी राहिली की ताट्या पुढच्या बाजूस न्याव्यात. आठ वर्षांत चारही धुरे हिरव्या कुंपणाने बंद होतील, आणि ताट्या पऱ्ह्यांसाठी व भाजीपाल्यासाठी मोकळ्या राहतील.

निगा

प्रत्येक वापरानंतर ताट्यांवरील चिखल झटकावा, सैल बांधण्या आवळाव्यात व मोडकी पट्टी लगेच बदलावी. रचताना जमिनीवर दगड अथवा लाकडे ठेवून त्यांवर ताट्या आडव्या ठेवाव्यात, म्हणजे वाळवी चढत नाही व वारा खेळतो. भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या ताट्या वाकतात. पट्टीतून पिवळसर पीठ गळताना दिसले की घुणा लागला असे समजून ती वेगळी काढून जाळावी. दरवर्षी दहापैकी एक ताटी नव्याने करण्याचा क्रम ठेवल्यास एकाच वर्षी सर्व बांबू आणण्याचा भार पडत नाही.

शाळा व पंचायतीचे कार्य

१९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार देशापुढे मांडला. वर्ध्याहून फार दूर नसलेल्या या जिल्ह्यांतील शिक्षकांना तो कृतीत आणण्याची येथे चांगली संधी आहे. शाळेच्या परसबागेसाठी दहा ताट्या करताना विद्यार्थी मोजमाप, क्षेत्रफळ व परिमिती, त्रिकोणाची दृढता, बांबूचे वय आणि वनाचे नियम या सर्व गोष्टी हाताने शिकतात. फाडणीचे काम मात्र जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली व्हावे, कारण बांबूची कड पात्यासारखी धारदार असते.

ग्रामपंचायतींनी पुढील बाबी विचारात घ्याव्यात. गावातील किती कुटुंबांना पऱ्ह्यांसाठी कुंपण लागते याची मोजणी पौष महिन्यापूर्वी करावी. बांबूची तोड हिवाळ्यात, ताट्यांची जोडणी उन्हाळ्यात आणि उभारणी मृग नक्षत्रापूर्वी, असा कार्यक्रम आखावा. भूमिहीन व विधवा स्त्रियांच्या लहान वाड्यांसाठी थोड्या ताट्या पंचायतीच्या मालकीच्या ठेवून त्या पाळीपाळीने द्याव्यात. त्यांची नोंदवही ठेवावी व परतीच्या वेळी दुरुस्तीची जबाबदारी वापरणाऱ्यावर राहावी. सामूहिक पऱ्हेवाडीची जागा ग्रामसभेत ठरवावी. आणि गुरे राखणीत ठेवण्याच्या तिथी दवंडीने जाहीर कराव्यात.

नव्वद बांबूंचे कुंपण हे विकासाच्या मोठ्या योजनांपुढे लहानसे काम दिसते. परंतु ज्या घरचे वर्षाचे धान चार गुंठे पऱ्ह्यांवर अवलंबून असते, त्या घराला ते लहान नाही. दरवर्षी काट्या-बल्ल्यांसाठी होणारी तोड त्यामुळे कमी झाली, तर त्या घरामागील वनालाही ते लहान नाही. यंदाच्या हिवाळ्यात प्रत्येक गावात निदान एक सामूहिक पऱ्हेवाडी उभी करण्याचा संकल्प झाला, तर पुढील मृगात त्याचे फळ दिसू शकेल.